पाडकामाआधीची गुटी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



गार्डन क्लब म्हटले की अजूनही काही जणांच्या डोळ्यांसमोर उन्हाळी टोप्या, चिनीमातीचे कप आणि इंग्रजीत चाललेल्या गप्पा येतात. या चित्रात थोडे तथ्य आहे. ‘अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही संस्था १८३० साली, साहेबाच्या अमदानीत सुरू झाली. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचा कारभार आजही तिच्याकडे आहे. या बागेला पूर्वी ‘सोल्जर्स गार्डन’ म्हणत. व्हिक्टोरिया राणीने हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब घेतल्यावर बागेचे नाव बदलले. तिथे जानेवारीत भरणारे पुष्पप्रदर्शन पाहायला आता पेठांपासून हडपसरपर्यंतची माणसे लेकराबाळांसह जातात. साहेब गेला, फुलांचा नाद तेवढा मागे राहिला.

मी ज्या गटाविषयी बोलणार आहे तो मात्र अगदी घरगुती आहे. त्याला कार्यालय नाही, लेटरहेड नाही. आमच्या भागातले साठ-सत्तर लोक दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये जमतात. दोन तास गाड्या बाहेर काढायच्या, सतरंज्या अंथरायच्या, गुडघे दुखणाऱ्यांसाठी प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडायच्या आणि मधोमध एक लांब टेबल लावायचे. पहिला अर्धा तास कोणीतरी एका विषयावर बोलते. कधी पिठ्या ढेकणाचा बंदोबस्त, कधी ओल्या कचऱ्याचे खत. त्यानंतर शंकासमाधान. कढीपत्त्याची पाने पिवळी का पडतात, हा प्रश्न गेली कित्येक वर्षे दर महिन्याला येतो आणि दर महिन्याला त्याची तीन वेगवेगळी उत्तरे मिळतात. तो भाग मी सोडून देतो.

खरी गर्दी असते ती त्या टेबलाभोवती. येताना प्रत्येकाने घरच्या झाडाचे काहीतरी आणायचे आणि जाताना दुसऱ्याचे काहीतरी न्यायचे, असा आमचा रिवाज आहे. पैशांचा व्यवहार नाही. दुधाच्या पिशवीत रुजवलेली जुई, वर्तमानपत्रात गुंडाळलेले सोनटक्क्याचे कंद, चहाच्या कागदी कपातली अबोलीची रोपे, दोऱ्याने बांधलेल्या जास्वंदीच्या काड्या. अट एकच. प्रत्येक रोपाला चिठ्ठी हवी आणि चिठ्ठीवर तीन गोष्टी हव्यात. झाडाचे नाव, ते कोणाच्या बागेतले, आणि कलम कधी केले. हीच नोंद वहीतही होते. आजवर अशा तीन जाडजूड वह्या भरल्या आहेत. नव्या सभासदांना हा कारकुनी सोस वाटतो. रोप घेऊन जायचे तर वंशावळ कशाला लिहायची, असे एका तरुणाने स्पष्टच विचारले होते.

त्याला दिलेले उत्तर इथेही सांगतो, कारण आमच्या सगळ्या उद्योगाचे मूळ त्यात आहे.

आपल्या अंगणातल्या झाडांचे दोन वर्ग पडतात. पारिजातक, बकुळ, गुलबक्षी, तेरडा ही मंडळी स्वतःची सोय स्वतः लावतात. बी पडते, पाऊस पडतो, रोपे उगवतात. नको म्हटले तरी उगवतात. दुसरा वर्ग माणसावर अवलंबून असतो. भरगच्च पाकळ्यांचा बटमोगरा घ्या. माणसाने शेकडो वर्षे निवड करीत त्याच्या पाकळ्या वाढवल्या. या वाढीव पाकळ्या बहुतेक वेळा पुंकेसरांच्या जागी आलेल्या असतात, म्हणून तो बी धरत नाही. दुहेरी अनंताचे तसेच, दुहेरी जास्वंदीचेही बहुधा तसेच. म्हणजे तुमच्या दारचा बटमोगरा हा कोणाच्या तरी मोगऱ्याची फांदी आहे, तो मोगरा आणखी कोणाच्या तरी मोगऱ्याची. खरे तर ते एकच झाड आहे, ते माणसांच्या हातांतून या अंगणातून त्या अंगणात चालत आले आहे. यातल्या एखाद्या वाणाची फांदी कोणीच पुढे नेली नाही, तर तो तिथे संपला. त्याचे बी कुठेही, कोणत्याही पाकिटात मिळणार नाही.

रोपवाटिकेत मोगरा मिळतो, हे मला ठाऊक आहे. सोलापूर रस्त्याने उरुळीच्या दिशेने गेलात तर रोपवाटिकांची रांगच लागते आणि तिथले लोक कष्टाने उत्तम रोपे तयार करतात. पण बाजारात जे भराभर खपते तेच बाजार वाढवणार. चार महिन्यांत कुंडीत फुलणारा मोगरा त्यांच्याकडे आहे. वैशाखात एकाच झाडाला परडीभर फुले देणारा आणि तिसऱ्या दिवशीही वास न सोडणारा जुना वाण असेलच असे नाही. ते जतन करणे हे त्यांचे कामही नव्हे.

मोठ्या वृक्षांची काळजी घेणाऱ्या काही संस्था आहेत. जुन्या झाडांच्या श्रीमंतीमुळे पुण्यातल्या गणेशखिंड उद्यानाला २०२० साली जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. झाडे तोडण्याविरुद्ध १९७५ पासून आपल्या राज्यात कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांच्या व त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष मानले गेले. पाडकाम करणाऱ्याला आंबा किंवा वड तोडण्यापूर्वी निदान अर्ज तरी करावा लागतो. पण भिंतीवरची जुई, कोपऱ्यातला सोनटक्का, पायरीजवळचा अनंत यांच्यासाठी कोणताही अर्ज नाही, हरकतीची नोटीसही नाही. कागदोपत्री ती जागा मोकळीच असते.

आता पुण्यात नेमके काय चालले आहे ते पाहा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या वाड्यांची दैना झाली. त्यानंतर पूरग्रस्तांसाठी लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. त्याच सुमारास आणि पुढच्या वीसेक वर्षांत कोथरूड, एरंडवणे, कर्वेनगर या भागांत लहान बंगले आणि तीनमजली सोसायट्या झाल्या. वाड्यातल्या दोन खोल्यांतून आलेल्या माणसांना प्रथमच स्वतःचे चार हात अंगण मिळाले. त्या अंगणात माहेरची जाई आली, कोकणातून सोनचाफा आला, ओळखीच्या कोणाकडून कवठी चाफा आला. सकाळी आंघोळीच्या बंबातली राख आणि तांदूळ धुतलेले पाणी हेच त्यांचे खत.

त्या इमारतींचे वय आता भरले आहे. पुनर्विकासाचे फलक गल्लोगल्ली दिसतात. मी पुनर्विकासाच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो. गळणाऱ्या छताखाली, लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर ज्यांचे म्हातारपण अडकले आहे, त्यांना फुलझाडांसाठी तसेच राहा म्हणणे निर्दयपणाचे आहे. पण घर रिकामे करताना काय होते ते आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. करार झाल्यापासून किल्ल्या देईपर्यंत दोन-तीन महिने मिळतात. तेवढ्यात चाळीस वर्षांचा संसार आवरायचा असतो, भाड्याचे घर शोधायचे असते, पितळी भांड्यांचे काय करायचे यावरून भावंडांत बोलणी व्हायची असतात. कुंड्या टेम्पोत चढतात. जमिनीतले जमिनीत राहते. मग एके सकाळी जेसीबी येतो आणि कुंपणापासूनच कामाला सुरुवात करतो.

आणि माती! तिचा विचार तर कोणीच करीत नाही. पन्नास वर्षे पालापाचोळा आणि शेण खाऊन काळीभोर, भुसभुशीत झालेली वरची फूटभर माती राडारोड्याबरोबर डंपरमधून निघून जाते. त्याच इमारतीतले लोक नंतर गच्चीवरच्या कुंड्यांसाठी पोत्याने माती विकत आणतात.

म्हणून गेली काही वर्षे आमच्या गटाने हे काम अंगावर घेतले आहे. आमच्या भागात कुठल्या सोसायटीचा करार झाला हे दूधवाला, इस्त्रीवाला आणि आमचे सभासद यांच्याकडून कळतेच. मग आमच्यापैकी दोघे-तिघे जाऊन त्या घरच्या माणसांना भेटतात. सहसा कोणी नाही म्हणत नाही. उलट चहा होतो, कुठले झाड कोणी लावले याच्या गोष्टी निघतात आणि तास-दीड तास जातो. एका आजींनी मोगऱ्याची कलमे खुशीने दिली, पण चिठ्ठीवर त्यांचे नाव लिहिले जात होते तेव्हा त्या म्हणाल्या, “माझं नको हो. सासूबाईंचं लिहा. मी नुसतं पाणी घातलं.” वहीत तो ‘सासूबाईंचा मोगरा’ असाच नोंदला आहे आणि आज तो किमान नऊ घरांत आहे. त्यातले एक घर आजींच्या नातवाचे, बाणेरला अकराव्या मजल्यावर.

अडचण असते ती वेळेची. झाडाचे वेळापत्रक आणि कराराचे वेळापत्रक जुळावे लागते. जास्वंद, गावठी गुलाब, जुई यांची छाट कलमे पावसाळ्यात सहज होतात. पेन्सिलीएवढी जाड फांदी, चार-पाच डोळे, खालची पाने काढायची, निम्मी काडी ओल्या वाळूमिश्रित मातीत खोचायची आणि सावलीत ठेवायची. खुरचाफ्याची गंमत उलटी. त्याची फांदी तोडून लगेच लावली तर चिकामुळे कुजते. आठवडाभर सावलीत टाकून जखम वाळू द्यावी, मग लावावी. सोनटक्का कंदासकट उचलला की झाले. सोनचाफ्याच्या बाबतीत मात्र फांदी खोचून फारसे काही हाती लागत नाही. तिथे खुंटावर कलमच बांधावे लागते आणि ते जाणत्या माळ्याचे काम आहे.

अनंत, कवठी चाफा यांच्यासाठी आम्ही गुटी बांधतो. ज्यांनी ती कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, कारण यात घरी कोणालाही करता येण्याजोगे काही आहे. झाडावरचीच एक वर्षभराची निरोगी फांदी निवडायची. तिच्यावरची इंचभर साल अंगठीसारखी गोल काढायची आणि खालचा बुळबुळीत थर सुरीने खरवडून टाकायचा. झाडात पाणी वर चढते ते आतल्या लाकडातून आणि पानांत तयार झालेले अन्न खाली उतरते ते सालीतून. साल काढल्यामुळे पाणी मिळतच राहते, फांदी वाळत नाही. मात्र खाली उतरणारे अन्न त्या कापापाशी अडते आणि तिथे मुळे फुटतात. कापावर भिजवून घट्ट पिळलेले शेवाळ बांधायचे, वरून पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळायचे आणि दोन्ही टोके सुतळीने आवळायची. महिना-दोन महिन्यांत प्लॅस्टिकमधून पांढरी मुळे दिसू लागतात. ती तपकिरी होऊ लागली की गुटीच्या खाली फांदी कापायची, निम्मी पाने कमी करायची आणि कुंडीत लावायची. हवेत ओलावा असतो तोवरच हे सुखाने जमते, म्हणून आषाढ-श्रावण हा आमचा सगळ्यात धावपळीचा काळ. मार्चमध्ये घर रिकामे होणार असेल तर आदल्या पावसाळ्यातच गुटी बांधायला हवी. नेमके तेव्हा करार झालेला नसतो आणि होणार की नाही हेही ठरलेले नसते.

सगळीकडे यश येते असे नाही. एका ठिकाणी आम्ही बारा गुट्या बांधल्या होत्या. घरच्यांची परवानगी होती, किल्ल्या देण्याची तारीख दसऱ्यानंतरची होती. ती अचानक अलीकडे आली. आम्ही पोचलो तेव्हा कुंपण पडले होते आणि गुट्यांची प्लॅस्टिके मातीच्या ढिगात चमकत होती. दोनच हाती लागल्या. तिथल्या मुकादमाने स्वतः फावडे घेऊन आणखी शोधून पाहिले, हेही सांगायला हवे. तेव्हापासून परवानगी दोघांकडून घेतो, घरमालकांकडून आणि बांधकाम व्यावसायिकाच्या साइटवरच्या माणसाकडून. दुसऱ्याचे मन वळवणे पहिल्यापेक्षा सोपे जाते, असा अनुभव आहे. त्याच्या गावाकडे बहुधा एखादे झाड असतेच.

रोपे जातात कुठे, असे विचाराल तर कठड्यांवर, गच्च्यांवर, दोन शाळांच्या आवारात आणि पुष्कळशी खिडकीच्या ग्रिलमध्ये. ग्रिलमध्ये अनंत फुलतो का? फुलतो, फक्त कुंडी निदान चौदा इंची हवी आणि तीन-चार तासांचे ऊन हवे. वजनाचा आणि गळतीचा विचार आधी करा. खालच्या मजल्यावरच्यांशी वैर घेऊन लावलेली बाग टिकत नाही. कुंडीत जुन्या झाडांचा डौल येत नाही, हे खरेच आहे. भिंतभर पसरणारी जुई तीन फुटांच्या जाळीवर बसवायची म्हणजे वाघाला मांजरीच्या टोपलीत बसवल्यासारखे आहे. पण वाण जिवंत राहतो. उद्या कोणाला जमीन मिळाली तर तिथे तो पुन्हा पसरेल.

या धांदलीत वर्षभराचे बाकीचे कार्यक्रमही चालतात. ऑगस्टच्या बैठकीत छाट कलमाचे प्रात्यक्षिक आहे. येताना धारदार कात्री आणि एक रिकामी कुंडी आणावी. सप्टेंबरचा विषय शेवंती. शेवंतीला कळी धरायला मोठी रात्र लागते, म्हणून ती हिवाळ्याच्या तोंडावर फुलते. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड रात्रभर जिच्यावर पडतो ती शेवंती नुसती पानेच काढत बसते. खतावर खर्च करण्याआधी कुंडी अंधाऱ्या बाजूला सरकवून पाहावी. ऑक्टोबरमध्ये गुलाबाची छाटणी करून दाखवली जाईल. आमच्याकडचे जुने जाणते कात्री चालवू लागले की नव्या माणसांच्या पोटात गोळा येतो, इतके ते झाड बोडके करतात. पण पुढच्या सहा-सात आठवड्यांत त्याची फुले पाहावीत. जानेवारीच्या प्रदर्शनात फुले ठेवू इच्छिणारे काही कुंड्या मागे राखतात आणि प्रदर्शनाच्या तारखेपासून उलटे दिवस मोजून डिसेंबरच्या सुरुवातीला पुन्हा हलकी छाटणी करतात. मुहूर्त काढावा तसा हा हिशेब चालतो आणि त्या वर्षीच्या थंडीवर बरा-वाईट ठरतो.

आमचे स्वतःचे लहानसे प्रदर्शनही जानेवारीतच असते. त्याविषयी एक तक्रार करतो. मध्यंतरी अशा प्रदर्शनांना चषकांची लागण झाली. आठवडाभर आधी रोपवाटिकेतून फुललेली कुंडी आणायची, तिच्यावर स्वतःच्या नावाची पाटी लावायची आणि बक्षीस घेऊन जायचे. यात लबाडी फार मोठी नाही, पण शिकण्यासारखे काही उरत नाही. आम्ही दोन नियम केले. कुंडी किमान सहा महिने आपल्या घरी असली पाहिजे, आणि एक विभाग फक्त कलमांचा. त्यात फूल असण्याची गरज नाही. ज्या झाडाचे कलम आहे त्याची हकीकत चार ओळींत लिहून शेजारी ठेवायची. पहिल्या वर्षी या विभागात पाच कुंड्या आल्या. गेल्या जानेवारीत टेबल पुरले नाही. फुलांच्या टेबलापुढे लोक फोटो काढतात, या टेबलापुढे थांबून वाचतात. वाचता वाचता कोणीतरी म्हणते, अहो, हा तर आमच्या वाड्यातला!

तुमच्या भागात असा गट असेल तर त्यात जरूर जा. नसेल तर चार घरे, एक टेबल आणि एक वही एवढ्यावर तो सुरू होतो. आणि तुमच्याच सोसायटीच्या पुनर्विकासाची बोलणी चालू असतील तर पहिल्या सभेनंतरच अंगणात एक फेरी मारून जमिनीतल्या झाडांची यादी करा. बी धरणारी कोणती, न धरणारी कोणती, एवढा भेद केला तरी पुष्कळ आहे. सभेच्या विषयपत्रिकेत त्यासाठी पाच मिनिटे मागून घ्यायला संकोच करू नका.

आमची पुढची फेरी येत्या रविवारी सकाळी साडेसात वाजता, कर्वेनगरातल्या एका जुन्या बंगल्यात आहे. दिवाळीपूर्वी तो रिकामा होतो आहे. तिथे दोन अनंत, एक कवठी चाफा, मागच्या दाराशी हिरवा चाफा आणि कोणालाच नाव न सांगता आलेली एक वेल आहे. शेवाळ आदल्या रात्री भिजत घालून आणावे. सुतळी आणि प्लॅस्टिक आमच्याकडे आहे. ज्यांना माती हवी त्यांनी आपापली पोती आणावीत. कुदळ-फावडे नको, घरच्या काकांनी त्यांची काढून, धार लावून ठेवली आहेत.